ती जोडी एकाच जातीची आहे: काळा नर आणि केशरी मादी

ताई, तुमचा फोटो बघितला आणि प्रश्नही दोनदा वाचला. चिपळूणजवळच्या तुमच्या घरी गडग्यावर एक काळं फुलपाखरू, पंखांवर पांढरेशुभ्र गोल आणि त्याभोवती जांभळी-निळी झाक, आणि त्याच्या शेपटाला शेपूट जोडून बसलेलं दुसरं एक केशरी, पंखांची टोकं काळी आणि त्यावर पांढरा पट्टा. पाचवीतल्या तुमच्या मुलीने विचारलं की दोन वेगवेगळ्या जातींची फुलपाखरं अशी जोडी जमवतात का, आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. प्रश्न फार चांगला आहे. तिने नुसतं "किती छान" म्हणून सोडून दिलं नाही, जे दिसतंय ते जुळत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि निरीक्षण सुरू होतं ते इथूनच.

उत्तर एका ओळीत सांगायचं तर ती दोन्ही एकाच जातीची आहेत. काळा तो नर, केशरी ती मादी. इंग्रजीत डॅनॅइड एगफ्लाय, मराठीत छोटा चांदवा, शास्त्रीय नाव हायपोलिम्नास मिसिपस. सजीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसने १७६४ मध्ये हे नाव दिलं. आफ्रिकेपासून भारतातून पार ऑस्ट्रेलियापर्यंत ही जात आहे, वेस्ट इंडीजमध्येही आहे आणि तिथे ती गुलामांच्या जहाजांबरोबर पोचली असावी असं मानतात. आपल्याकडे कोकण, देश, विदर्भ सगळीकडे दिसते, दाट जंगलापेक्षा मोकळं माळरान, शेताचे बांध, परसबाग, गडांचे माथे अशा जागी जास्त, आणि पावसाळ्यात आणि पाऊस सरताना म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबर सगळ्यात जास्त. तुमचा फोटो सप्टेंबरचा आहे, अगदी बरोबर वेळ.

मी गेली बावीस वर्षं फुलपाखरं बघतोय, मोजणी करतोय, घरी सुरवंट वाढवून सोडतोय, आणि तरी सुरुवातीची चार-पाच वर्षं ही मादी माझ्या वहीत चुकीच्या नावाखाली होती. नर पहिल्याच पावसाळ्यात ओळखला, तो चुकणं शक्यच नाही, पण वहीत कायम "एगफ्लाय नर १, नर २, नर १" असंच, मादी एकही नाही. मला वाटायचं माद्या आमच्या भागात कमीच असतील. मग एकदा जुने फोटो काढून बसलो, "प्लेन टायगर" (हे असंच दिसणारं दुसऱ्या जातीचं केशरी फुलपाखरू) नावाच्या फोल्डरमधले सगळे पुन्हा मोठे करून बघितले आणि त्यातल्या तीन प्लेन टायगर नव्हत्याच. त्या एगफ्लायच्या माद्या होत्या. इतकी वर्षं समोर होत्या. त्या दिवसापासून प्रत्येक केशरी फुलपाखराचा मागचा पंख बघितल्याशिवाय मी वहीत नाव लिहीत नाही, आणि तुम्हालाही तेच सांगणार आहे, पण आधी रंगांचं बोलू.

नराचे रंग बघा. वरची बाजू मखमली काळी. पुढच्या पंखावर मधोमध एक मोठा लांबट पांढरा डाग, टोकाकडे एक छोटा, आणि मागच्या पंखावर एक मोठा गोल. दोन्ही बाजू धरून सहा. चांदवा हे नाव त्यावरून शोभतं. प्रत्येक डागाच्या कडेने ती जांभळी-निळी झाक. आता तुमच्या फोटोत उजव्या पंखावर झाक दिसतेय आणि डाव्यावर जवळजवळ नाहीच, तो कॅमेऱ्याचा दोष नाही. हा रंग रंगद्रव्याचा नाहीच. फुलपाखराच्या पंखावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, हाताला लागते ती पूड म्हणजे हे खवले, आणि या झाकेच्या खवल्यांवर इतक्या बारीक रेघा-थर असतात की त्यावरून परत येणाऱ्या उजेडातला निळा-जांभळा भाग तेवढा जोर धरतो, तोही ठरावीक कोनातूनच. मोरपिसाचा रंग असाच, रचनेचा. पैठणीत धूपछाँव असतो ना, पदर असा धरला तर एक रंग आणि तसा धरला तर दुसरा, तिथे कारण वेगळं आहे, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, पण डोळ्याला जे होतं ते तसंच. म्हणून नर पंख उघडझाप करतो तेव्हा ती झाक पेटते आणि विझते, पेटते आणि विझते. काळा रंग मात्र खरा रंगद्रव्याचा, मेलॅनिन, आपल्या केसातलं तेच. पांढऱ्यात रंगद्रव्य काहीच नाही, सगळा उजेड विखरून परत येतो म्हणून पांढरं. आणि मादीचा केशरी हा पुन्हा रंगद्रव्याचा, ओमोक्रोम म्हणतात त्या गटातला, म्हणून तो कुठल्याही कोनातून बघा, केशरीच.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. नराचा रंग कोनाप्रमाणे बदलतो, हालचालीबरोबर लुकलुकतो, म्हणजे तो कुणाला तरी दाखवण्यासाठी आहे. मादीचा रंग कुठूनही तोच दिसतो कारण तिला प्रत्येक दिशेने येणाऱ्या पक्ष्याला एकच गोष्ट सांगायची आहे.

कुठली गोष्ट ते सांगतो. तुमच्या आसपास रुई असेलच, शनिवारी मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात ती. त्या रुईवर प्लेन टायगरची मादी अंडी घालते, सुरवंट काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, तो ते चिकाळ पान खाऊन वाढतो आणि चिकातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो. हृदयावर परिणाम करणारी ही द्रव्यं आहेत, कार्डिनोलाइड म्हणतात. फुलपाखरू झालं तरी विष अंगात राहतं. कोतवाल किंवा वेडा राघू, विशेषतः त्या वर्षीचं पिल्लू, एकदा असं फुलपाखरू तोंडात घेतं, चव घेतं, टाकून देतं, आणि मग तो केशरी रंग, काळं टोक, पांढरा पट्टा हे सगळं त्याच्या डोक्यात बसतं. प्लेन टायगर म्हणूनच इतकं निवांत, संथ उडतं, त्याला घाई नाही. त्याचे पंखही चिवट असतात, पक्ष्याने चोचीत धरून सोडलं तरी बऱ्याचदा उडून जातं.

एगफ्लायच्या मादीच्या अंगात यातलं काहीही नाही, ती रुई खातच नाही. पण तिने प्लेन टायगरचा वेश घेतलाय. नुसता रंग नाही, चालसुद्धा. तिला न घाबरवता बघत राहा, ती प्लेन टायगरसारखीच हळू, तरंगत, खालून खालून उडते. आणि तुम्ही पटकन हात हलवलात की सगळा वेश गळून पडतो आणि ती सरळ बाणासारखी सुटते, कारण मुळात तिचे स्नायू एगफ्लायचे आहेत, ताकदवान आणि वेगवान. प्लेन टायगर इतक्या झटक्यात सहसा पळत नाही. मी मोजणीला नवीन मुलं आली की त्यांना हेच आधी करून दाखवतो, फोटो नंतर.

बिनविषारी प्राण्याने विषारी प्राण्याचं रूप घ्यायचं, याला बेटसियन मिमिक्री म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज १८४८ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलात गेला, अकरा वर्षं राहिला आणि १८६२ मध्ये तिथल्या फुलपाखरांवरून ही कल्पना मांडली. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती, आणि नैसर्गिक निवडीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणून ही फुलपाखरं पुढे आली.

आता ओळखायचं कसं. तुम्ही विचारलं होतं की पुढच्या वेळी केशरी एकटंच दिसलं तर कसं कळणार. पहिली आणि सगळ्यात भरवशाची खूण मागच्या पंखावर. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार, आणि नराचा तो चौथा म्हणजे वासाची पिशवी, तो जरा मोठा आणि मध्ये पांढरट. एगफ्लायच्या मादीला एकच ठिपका, तोही वरच्या कडेला, आणि पुढचा पंख थोडा जरी त्यावर आला तरी झाकला जातो. म्हणजे उघड्या पंखावर मधला भाग कोरा दिसला की सावध व्हायचं. दुसरी खूण डोकं आणि छाती: प्लेन टायगरचं डोकं-छाती काळी आणि त्यावर ठळक पांढरे ठिपके, बांधणीच्या कापडासारखे, एगफ्लायच्या मादीची छाती तपकिरी, तसे ठिपके नाहीत. तिसरी, मागच्या पंखाची कड. एगफ्लायची थोडी नागमोडी आणि कडेच्या काळ्या पट्टीत पांढऱ्या बारीक चंद्रकोरींची नक्षी, प्लेन टायगरची कड त्यामानाने गुळगुळीत.

आणि एक खूण पुस्तकात फारशी सांगत नाहीत पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे: ती कुठल्या झाडाभोवती घुटमळतेय ते बघा. रुईभोवती फिरणारी केशरी मादी म्हणजे प्लेन टायगर. जमिनीलगत, तणातून, पायाने पानं चाचपत, उतरत-उठत फिरणारी केशरी मादी, आणि खाली घोळ ही रानभाजी असेल, तर ती ठिपके न बघताही बहुतेक एगफ्लाय असते.

मग खरा प्रश्न येतो, जो तुमच्या मुलीच्या प्रश्नाच्या पोटात आहे. वेश घेतल्याने जीव वाचतो तर तो नरानेही का घेतला नाही? पक्षी नरालाही खातातच की. यावर दीडशे वर्षं लोक विचार करतायत आणि उत्तर एकच नाही, दोन-तीन कारणं एकत्र आहेत.

एक कारण मादीचं जगणं. पोटात अंडी म्हणजे अंग जड. नुसतं उडून भागत नाही, योग्य झाड शोधायचं, प्रत्येक पानावर उतरून बघायचं, अंडी घालायची, पुन्हा शोधायचं. हे सगळं सावकाश, जमिनीजवळ, उघड्यावर, जिथे सरडा बसलेला असतो आणि वरून पक्षी बघत असतो. नराला असं काही नाही, तो वेगाने उडतो आणि वेगानेच वाचतो. शिवाय एक मादी अंडी घालायच्या आधी मेली तर तिची सगळी पुढची पिढी गेली. एक नर मेला तर दुसरा आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकाने १८६५ मध्ये आग्नेय आशियातल्या फुलपाखरांबद्दल लिहिताना मादीलाच संरक्षणाची जास्त गरज असते हा मुद्दा मांडला होता आणि तो आजही टिकून आहे.

दुसरं कारण नराची अडचण. त्याला बदलता येत नाही कारण त्याच्याकडे बघणारे दोन जण आहेत, मादी आणि दुसरे नर. याच्या मोठ्या भावंडावर, म्हणजे ग्रेट एगफ्लायवर, ऑस्ट्रेलियात डॅरेल केम्प यांनी प्रयोग केले, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि त्यात दिसलं की माद्या जास्त चमकणाऱ्या नरांना पसंती देतात. ही चमक फक्त आपल्याला दिसते तेवढीच नाही, तिचा मोठा भाग अतिनील आहे, जो आपल्या डोळ्याला दिसतच नाही आणि फुलपाखरांना दिसतो. म्हणजे तुम्ही फोटोत जी जांभळी झाक बघून थक्क झालात त्याच्याहून किती तरी जास्त काही त्या मादीला दिसत असणार. नराने उद्या केशरी वेश घेतला तर पक्षी फसेल, पण मादी त्याच्याकडे बघणार नाही आणि वंश तिथेच संपेल.

तिसरं कारण हिशोबाचं. नक्कल चालते कधी, तर नकली कमी आणि असली जास्त असताना. पक्ष्याला दहा केशरी फुलपाखरांत आठ कडू लागली तर तो केशरीला हात लावणार नाही, पण दहात सहा गोड निघाली तर तो शिकेल की चव बघायला हरकत नाही, आणि मग असली-नकली दोघांचंही संरक्षण गेलं. फक्त माद्याच नक्कल करतात म्हटल्यावर नकलींची संख्या आपोआप निम्मी राहते. मला स्वतःला पहिली दोन कारणं जास्त वजनदार वाटतात, तिसरं हे कारण कमी आणि फायदा जास्त आहे असं माझं मत, पण बरेच जाणकार तिन्ही बरोबरीने धरतात.

यात आणखी एक पदर आहे आणि तो मला फार आवडतो. प्लेन टायगर सगळीकडे एकसारखं नाही. आपल्याकडे नेहमीचं ते काळ्या टोकाचं. पूर्व आफ्रिकेत काळं टोक नसलेलं, सगळं केशरी असं एक रूप आहे, डोरिपस म्हणतात. पश्चिम आफ्रिकेत मागचे पंख पांढरे असलेलं एक आहे, अल्सिपस. आणि एगफ्लायच्या माद्यांचीही तीन रूपं आहेत, मिसिपस काळ्या टोकाची, इनारिया बिनटोकाची, अल्सिपॉइडिस पांढऱ्या मागच्या पंखाची. प्रत्येक वेशाला जुळणारा असली नमुना आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळ्या पहिल्या रूपाच्याच, इनारिया क्वचित, मला स्वतःला इतक्या वर्षांत एकदाच भेटली, एका पठारावर ऑक्टोबरमध्ये, आणि त्या दिवशी दुसरं काही बघितलं नाही तरी चाललं असतं. नर मात्र आफ्रिकेत बघा, चिपळुणात बघा नाहीतर ऑस्ट्रेलियात, तसाच काळा, तेच सहा चांदवे.

१९५० च्या दशकात स्ट्राइड नावाच्या अभ्यासकाने पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, या नरांना वेगवेगळ्या रंगांच्या मादीसारख्या प्रतिकृती दाखवून बघितल्या की नर कशाच्या मागे जातो. केशरी-तपकिरी रंगाकडे नर ओढला जातो, पण मागच्या पंखावर पांढरं असलं की त्याचा उत्साह कमी होतो, असं त्यात दिसलं. आता हे वाचा आणि पुन्हा तुमच्या फोटोतल्या नराकडे बघा, त्याच्या मागच्या पंखावर काय आहे, मोठा पांढरा गोल. माझी समजूत अशी की तो गोल दुसऱ्या नराला लांबूनच सांगत असावा की मी मादी नाही, इकडे वेळ घालवू नको किंवा भांडायचं असेल तर ये. म्हणजे नराचे चांदवे पुसले तर नुसती मादीच नाही, दुसरे नरही गोंधळतील.

आणि हो, नर स्वतः प्लेन टायगरच्या मागेही धावतो. मी हे अनेकदा बघितलंय. केशरी काही दिसलं की जागेवरून उठतो, मागे लागतो, अगदी जवळ जाऊन घिरटी घालतो आणि मग सोडून परत येतो. लांबून तोही फसतो, जवळ गेल्यावर मग वासाने आणि हालचालीने त्याला कळतं. तेव्हा तुमच्या मुलीला सांगा की दोन वेगळ्या जाती एकमेकांमागे धावताना दिसतील, पण शेपटाला शेपूट जोडून अर्धा-पाऊण तास शांत बसलेली जोडी दिसली तर ती दोन जातींची असणं फारच दुर्मिळ, तिथे आधी आपली ओळख तपासायची.

माद्यांनीच वेश घ्यायचा हा प्रकार एगफ्लायपुरता नाही, तुमच्या अंगणातच दुसरं उदाहरण असेल. कढीपत्ता किंवा लिंबू आहे ना? त्यावर कॉमन मॉर्मन अंडी घालते, मराठीत याला बहुरूपी म्हणतात आणि इतकं चपखल नाव दुसरं नाही. नर काळा आणि मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्या तीन तऱ्हेच्या: एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोज या विषारी फुलपाखरासारखी, तिसरी क्रिमसन रोजसारखी. हे दोन्ही रोज ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि तिथून विष घेतात. मादीचे हे वेश नेमके कुठून ठरतात यावर फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन २०१४ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आलं, आणि उत्तर असं निघालं की डबलसेक्स नावाचं एकच जनुक हे सगळं फिरवतं. कीटकांमध्ये नर-मादी ठरवण्याच्या साखळीतलंच हे जनुक, त्यालाच पंखांच्या वेशाचंही काम मिळालेलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा घरातल्या कढीपत्त्यावरचा सुरवंट मी किती तरी वेळ बघत बसलो होतो, की याच्या आत ठरलेलं आहे कोण होणार ते.

ग्रेट एगफ्लाय म्हणजे मोठा चांदवा, त्याचा नर तुम्हाला या नरासारखाच वाटेल म्हणून थोडं सांगतो. तो आकाराने मोठा, आणि डागांत पांढरं कमी आणि निळं जास्त, मागच्या पंखावरचा तर बऱ्याचदा नुसता निळा धुरकट गोळा. छोट्या चांदव्याचे डाग स्वच्छ पांढरे, कडा नेटक्या, झाक फक्त कडेने. मोठ्याची मादी प्लेन टायगरची नाही तर कॉमन क्रो या तपकिरी विषारी फुलपाखराची नक्कल करते. ब्लू मॉर्मन, २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, त्याच्यात मात्र नर-मादी बरेच सारखे दिसतात, त्यामुळे या बाबतीत त्याची मदत होत नाही.

तुमच्या शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय की ही अंगणात परत यावीत म्हणून काय लावू. लावू नका, ठेवा. घोळ. तीच, लालसर देठाची, मांसल पानांची, आंबूस भाजी, डाळ घालून करतात ती. पावसात कुंड्यांत, पायरीच्या फटीत, वाफ्याच्या कडेला आपोआप येते आणि आपण तण म्हणून उपटतो. छोट्या चांदव्याची मादी याच घोळीवर अंडी घालते. कोरांटीवरही घालते, असिस्टेशियावरही, पण माझ्या अनुभवात घोळ पहिली. अंडी फिकट, बारीक, उभ्या कंगोऱ्यांची, पानाच्या मागे. तीन-चार दिवसांत सुरवंट बाहेर येतो. तो वाढला की काळा, अंगभर फांद्या फुटलेले काटे, डोकं तांबूस-केशरी आणि डोक्यावर दोन लांब काटेरी शिंगं. दिसायला भयंकर आहे पण काही करत नाही, मी शेकडो हाताळलेत, एकदाही खाज आली नाही. लोक घाबरून चिरडतात किंवा रॉकेल टाकतात, ते करू नका आणि शेजाऱ्यांनाही सांगा. मग कोष, तपकिरी, उलटा टांगलेला, वाळक्या पानासारखा, आणि पावसाळ्याच्या हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना धरा.

मला खरं वाईट वाटतं ते याचं. आमच्या भागात एका सोसायटीच्या मागे मोकळी जागा होती, दरवर्षी सप्टेंबरमध्ये तिथे पाच-सात नर हमखास, घोळ भरपूर. एका वर्षी साफसफाई म्हणून संपूर्ण जागेवर तणनाशक मारलं. घोळ गेली, एकदांडी गेली, आणि पुढची तीन वर्षं मला तिथे एकही चांदवा दिसला नाही. कुणी मुद्दाम फुलपाखरं मारली नव्हती, कुणाला माहीतच नव्हतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या जातीचं नाव होतं, म्हणजे पकडणं, मारणं, विकणं गुन्हा. पण कुंडीतली घोळ उपटायला कायदा येत नाही, ते घरातल्या माणसाच्याच हातात आहे. भाजीसाठी घ्या, जरूर घ्या, फक्त खुडण्याआधी पान उलटून बघा आणि एखादा वाफा दिवाळीपर्यंत तसाच राहू द्या.

मधासाठी फार काही लागत नाही. एकदांडी तर असतेच, झिनिया लावली तर ती त्यांना आवडते, घाणेरीवरही येतात पण ती मुद्दाम लावायची गरज नाही, आधीच फार पसरली आहे.

आणि तो नर तुमच्या गडग्यावर परत येईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. चांदव्याचे नर जागा धरतात. कमरेएवढ्या उंचीचा दगड, गडगा, झुडपाचं टोक, जिथून समोरचं मोकळं दिसतं अशी जागा, तिथे उन्हात पंख पसरून बसायचं आणि जे उडत जाईल त्याच्यावर झेप घ्यायची, दुसरा नर असो, प्लेन टायगर असो, चतुर असो, आणि लगेच परत त्याच जागेवर. मुलीला सकाळी नऊ-दहाला, ऊन चांगलं आल्यावर, गडग्यापासून आठ-दहा फुटांवर बसवा. सावली त्याच्या अंगावर पडणार नाही अशी. त्याच्या समोरून छोटासा खडा हळूच उंच फेकायला सांगा, तो खड्यामागेही झेपावेल. परत येऊन बसला की तिला बाजूने हळूहळू सरकायला सांगा, अर्धं वर्तुळ, आणि कुठल्या जागेवरून जांभळी झाक पेटते आणि कुठे विझते ते वहीत लिहायला सांगा. आणि केशरी आलीच, तर मागच्या पंखावरचे ठिपके मोजायचे. तो फोटो मला पाठवा.